त्रेसष्ट नंबरची गाठ

माझी बायको जनका गेली तेव्हा मी जिनिंगमध्ये गाठी दाबायच्या प्रेसवर होतो. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. पेटी भरली होती, वरून दाब आला होता आणि मी पट्ट्या ओवायला घेतल्या होत्या. आमच्या जिनिंगमध्ये रुईजवळ काडीपेटी, विडी, मोबाईल काहीच नेता येत नाही. फोन फाटकावरच्या कपाटात ठेवावा लागतो. म्हणून माझ्या मुलीने, समताने, जालन्याहून ऑफिसच्या फोनवर फोन केला आणि तिथून निरोप घेऊन कोकिळा आली.

कोकिळा ही ओट्यावर कापूस निवडणाऱ्या बायांपैकी एक. त्या बाया प्रेसकडे कधी येत नाहीत. ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. मशीनच्या आवाजात ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण तिने डोक्याचा पांढरा फडका सोडून हातात धरला होता. कामाच्या वेळी बाया फडका सोडत नाहीत. ते बघून मला कळलं.

तरी मी सगळ्या पट्ट्या बांधल्या. दाबलेली गाठ पट्ट्यांशिवाय सोडली तर ती एकदम फुगते, जवळच्या माणसाला लागतं. हे खरं आहे. त्या दिवसानंतर मी पुष्कळ वेळा स्वतःला ते सांगितलं आहे. पट्ट्या बांधून झाल्यावर मी हात पुसले आणि कोकिळेच्या मागे चालू लागलो.

जनकाला पंधरा दिवसांपासून धाप लागत होती. समता जानेफळहून, तिच्या सासरहून, मुद्दाम आली आणि आईला घेऊन सकाळच्या एसटीने जालन्याला गेली. निघताना जनका मला म्हणाली होती की कणीक मळून ठेवू नका, तुम्ही घट्ट मळता, मी चारपर्यंत येते. डॉक्टरकडे गर्दी होती. त्यांचा नंबर अकरावा होता. आठवा आत गेला तेव्हा जनकाने समताच्या खांद्यावर मान टेकली. समताला वाटलं, आईला झोप लागली. नववा आणि दहावा होईपर्यंत तिने आईला झोपू दिलं. नंबर आला तेव्हा उठवायला गेली.

समता तेवढंच सांगते. मीही पुढे विचारत नाही.

आमचं जिनिंग देऊळगाव राजाच्या बाहेर आहे. मी तिथे प्रेसवर बावीस वर्षं आहे. गाठ बांधायची, तिच्यावर काळ्या शाईने नंबर मारायचा, शेडमध्ये थप्पी लावायची, हे माझं काम. जनका ओट्यावर होती. गावोगावचा कापूस तिथे येऊन पडतो आणि सरकी काढून रुई करणाऱ्या मशीनमध्ये जाण्याआधी बाया तो हाताने निवडतात. पोत्याची सुतळी, प्लास्टिकची चिंधी, कोंबडीचं पीस, लुगड्याचा दोरा, बाईचा केस, सगळं काढावं लागतं. सुतळीचा बोटभर तुकडा राहिला तर मशीनमध्ये त्याचे शंभर तंतू होतात आणि ते मैलभर सुतात पसरतात. कपडा विणून, रंगवून झाल्यावर ते तंतू ठिपक्यांसारखे दिसतात. तसा कपडा दुकानदार परत पाठवतो.

पूर्वी एवढं कोणी बघत नव्हतं. कापूस तो कापूस, सगळा एकात जायचा. या हंगामात मात्र दिवस वाईट आले. बाहेरच्या देशाच्या कापसावरचा कर सरकारने मधे काही महिने काढून टाकला, तर तो कापूस इथल्यापेक्षा स्वस्त पडू लागला. अमेरिकेने आपल्याकडच्या कपड्यांवर कर वाढवला, तर तिकडे माल शिवणाऱ्यांनी काम कमी केलं, सूतवाल्यांनी रुई घेणं कमी केलं, आणि आमच्या शेडमध्ये थप्प्या तशाच उभ्या राहिल्या. आमचे मालक राजकुमारशेठ. त्यांनी दिवाळीनंतर एक पाळी बंद केली. निवडणाऱ्या बाया तर बंदच करणार होते.

तेवढ्यात दक्षिणेकडच्या एका सूतगिरणीचा माणूस आला. त्यांना अगदी स्वच्छ रुई पाहिजे होती, ठरवून दिलेल्या गावांच्या कापसाची. परदेशातल्या एका दुकानाची तशी अट होती. आधी शंभर गाठी नमुन्याच्या घेणार. त्या पास झाल्या तर हा पूर्ण हंगाम आणि पुढचाही. नापास झाल्या तर विषय संपला. शेठने चौदा बायांना ओट्यासमोर उभं करून सरळ सांगितलं की साध्या मालाला मला तुमची गरज नाही, या मालाला आहे, आता तुमचं काम तुमच्या हातात आहे.

जनका त्या चौदा जणींची मुकादम होती. सकाळी ओट्यावर चढण्याआधी ती प्रत्येकीला उभं करायची, फडका कपाळापर्यंत ओढून घ्यायला लावायची, मानेमागून हात फिरवून एखादी बट सुटली का ते बघायची. फडका पांढरा आणि सुती पाहिजे हा गिरणीचा नियम होता. बाया कुरकुर करत. कोकिळा म्हणायची, "हिच्या हातून नवरा सुटीन, पण केस नाई सुटणार." जनका म्हणायची, नवरा प्रेसवर आहे, तो कुठे जातो, आठ पट्ट्यांत बांधलेला आहे. त्या हसायच्या. हसणं मला प्रेसपर्यंत ऐकू यायचं.

पाळी सुटली की आम्ही दोघं पायी घरी यायचो आणि ती मला प्रश्न विचारायची. ट्रकवाल्यांकडून मी जे ऐकलं ते तिला सांगायचो. आपली गाठ दक्षिणेत जाते, तिचं सूत होतं. सूत दुसऱ्या गावी जातं, तिथे कापड होतं. रंग तिसरीकडे. मग बोटीतून आणखी एका देशात, जिथे एका मोठ्या हॉलमध्ये हजार पोरी बसतात आणि एक पोर दिवसभर नुसत्या कॉलरी शिवते, दुसरी नुसत्या बाह्या. मग पुन्हा बोट. मग जिथे बर्फ पडतो अशा गावातलं दुकान.

तिला हे सगळं कळायचं, पण एक गोष्ट पटायची नाही. एवढं फिरून गेलेला सदरा घेणाऱ्याला स्वस्त कसा पडतो? एवढ्या हातांतून गेला, तर महाग पाहिजे. मी म्हणायचो, प्रत्येक हाताला थोडं थोडं देतात. ती म्हणायची, ते तर माझ्या हाताला ठाऊक आहे.

भावाचं तर तिला नवल वाटायचं. एकदा मी तिला सांगितलं की न्यूयॉर्कला कापसाचा वायदा होतो, तिथे बाजार उघडला की इथला भाव हलतो. ती रस्त्यात थांबली.

"म्हणजे तिकडचा माणूस झोपेतून उठते, अन् आपल्या जानेफळच्या कापसाचा भाव पडते?"

"तसंच काही."

"मंग त्याले कोणी सांगा न बाप्पा, अजून घडीभर झोप म्हणा."

चालता चालता ती पुन्हा पुन्हा तेच म्हणून हसत होती. मग घर जवळ आल्यावर म्हणाली, "मले एक डाव पाहाचं आहे, हा कापूस कुठलोक जाते ते." आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो, त्यापलीकडे ती कुठे गेली नव्हती. मी म्हणालो, बघू. असं मी तिला पुष्कळ गोष्टींना म्हणालो आहे.

सात दिवसांनी विहारात पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. समता आणखी थोडे दिवस राहिली आणि जानेफळला गेली. मी कामावर गेलो, कारण घरात बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं.

कामावर सगळं पहिल्यासारखं होतं आणि तरी सगळं दूर गेल्यासारखं वाटत होतं. माणसं बोलायची ते मला उशिरा पोचायचं. छताच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या येतात, त्यांत रुईचे कण तरंगत असतात. ते बावीस वर्षं तरंगत होते, पण मी कधी बघत बसलो नव्हतो. आता एखादा कण खाली येईपर्यंत मी बघायचो. तो खाली येत नसे. जमिनीजवळ आला की पुन्हा वर जायचा.

एके दिवशी कोकिळेने मला जनकाचा फडका आणून दिला. बायांच्या खोलीत खिळ्यावर तिचा फडका तसाच अडकवलेला होता, कारण जालन्याला जाताना तो लागत नव्हता. कोकिळा म्हणाली की पंधरा दिवस झाले, त्या खिळ्याला कोणी हात लावत नाही, तुम्हीच घ्या. मी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो मी धुतला नाही. त्याला खोबरेल तेलाचा वास होता.

त्याच दुपारी त्रेसष्ट नंबरची गाठ भरत होती. नमुन्याच्या शंभरांतली. रुई घसरगुंडीवरून पेटीत येत होती, पांढरी, सारखी, आवाज न करता. मशीनचा आवाज होता, पण तो मला त्या वेळी ऐकू येत नव्हता. मला वाटलं, पेटीच्या पलीकडे जनका उभी आहे. दिसत नव्हती. पण घरात माणूस दुसऱ्या खोलीत असलं की जसं कळतं, तसं कळत होतं. आणि ती कुठे जायची वाट बघते आहे तेही कळत होतं.

मी खिशातून फडका काढला. पांढरा, सुती. कापसात कापूस जाईल, त्यात काय बिघडतं, असं मला वाटलं. खरोखर तसंच वाटलं. मी तो पेटीत सोडला. वरून रुई आली आणि तो दिसेनासा झाला. दाब आला. मी पट्ट्या बांधल्या, कापडाचं वेष्टन चढवलं आणि काळ्या शाईने ६३ मारलं. त्या दिवशी घरी जाऊन मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. चांगले म्हणतो हे बरोबर नाही, पण दुसरा शब्द मला येत नाही. पाळी संपवून मी दुपारी घरी यायचो, अंगणात बाजेवर पडायचो आणि मला स्वप्न पडायचं. जनका बोटीत बसलेली असायची, मांडीवर डबा घेऊन, एसटीत बसावी तशी. शेजारच्या माणसाला विचारायची, अजून किती दूर आहे. मग तो मोठा हॉल. हजार पोरी शिवत आहेत आणि जनका त्यांच्या मधून चालते आहे. त्यांची भाषा तिला येत नाही, तरी ती एकेकीच्या मानेमागून हात फिरवते आणि त्या मान वाकवतात. एक पोर तिला कॉलर दाखवते. जनका ती उलटी करून बघते आणि मान हलवते, ठीक आहे. कधी बर्फाचं गाव असायचं. तिथे सगळं आमच्या ओट्यासारखं पांढरं होतं आणि जनका वाकून त्यातून काहीतरी निवडत होती. मी हाक मारायचो तर म्हणायची, थांबा, हे झालं की येते.

जाग आली की ऊन उतरलेलं असायचं. मी स्वप्नात मागे राहिलो याचं मला वाईट वाटत नसे. तिला दिसतं आहे, एवढं पुरे होतं.

नंतरच्या शुक्रवारी समता आली. आईची लुगडी, चोळ्या वाटून टाकायला. माझ्याच्याने ते झालं नसतं. तिने कपड्यांची पेटी उघडली, एकेक कपडा बाहेर काढला, काही स्वतःला ठेवले. मग विचारलं, "बाबा, आईचा कामावरचा फडका कुठी आहे? तो मले पाहिजे."

मी म्हणालो, तो सुती फडका घेऊन काय करशील.

"सुती कुठला? माह्या कॉलेजच्या ओढणीचा होता तो. टेरिकॉटचा."

ती सांगत राहिली. सुती फडका घामाने ओला होऊन आईच्या कानामागे पुरळ यायचं. म्हणून समताने याच हंगामात आपली पांढरी ओढणी फाडून तिला चौकोन शिवून दिला होता. आई म्हणाली होती, कोणाला सांगू नको, मीच बायांना सुती बांधायला लावते. उरलेला तुकडा समताने पेटीच्या तळातून काढून दाखवला.

मी त्यातला एक दोरा ओढला आणि चुलीशी नेला. सुती दोरा जळतो तेव्हा कागदासारखी राख होते, फुंकली की उडते. हा दोरा आखडला, वितळला आणि त्याच्या टोकाला काळा मणी झाला. बोटाने दाबला तर टणक होता. कापसाच्या कामात इतकी वर्षं गेलेल्या माणसाला हे फडका हातात घेताच कळायला पाहिजे होतं. आठ दिवस तो माझ्या खिशात असता तरी मला कळलं नसतं. मी त्याला कपडा म्हणून हात लावलाच नव्हता.

समताने विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. टेरिकॉटमधल्या पॉलिस्टरला कापसाचा रंग चढत नाही. गिरणीत फडक्याच्या चिंध्या होतील, चिंध्यांचे तंतू, आणि रंगवलेल्या कापडावर कोणाला तरी पांढरे ठिपके दिसतील. नमुना नापास होईल. चौदा बायांचं काम जाईल, आणि ते जनकाच्या फडक्याने.

ट्रक सोमवारी येणार होता.

"सांगतलं तर आईचं नाव खराब होईन," समता म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाई सांगतलं तरी होईन. फक्त कोणाले माहीत नाई होणार." मग ती पोळ्या करायला उठली.

शनिवारी मी कामावर गेलो. शंभर गाठींची थप्पी शेडमध्ये लागलेली होती. त्रेसष्ट नंबर खालून दुसऱ्या ओळीत होता. माझ्याच हाताचे आकडे. मी तिथे उभा राहून ठरवायचा प्रयत्न करत होतो. जनकाने हंगामभर एकेकीच्या केसांवरून त्यांना बोलणी बसवली होती. एका पोरीला एकदा रंगीत फडक्यासाठी दिवसभर काम न देता ओट्याखाली बसवलं होतं. आणि स्वतः टेरिकॉट बांधत होती. मी सांगितलं तर ती पोर काय म्हणेल? जनकाच्या मागे तिच्या नावाचं एवढंच तर उरलं होतं, की जनकाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही.

आणि दुसरंही होतं. गाठ उघडली की ती कुठेच जाणार नव्हती. बोट नाही, हॉल नाही, बर्फाचं गाव नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही, इथेच लिहितो आहे.

जेवणाच्या सुट्टीत बाया लिंबाखाली बसतात. मी तिथे गेलो आणि कोकिळेला बाजूला बोलावलं. ती हातात भाकरीचा तुकडा घेऊनच आली. मी सांगत असताना ती तो चावायची थांबली. मी शेवटी म्हणालो की फडका टेरिकॉटचा होता, आणि जनकाची चूक नाही, पेटीत मी टाकला.

कोकिळा म्हणाली, "आम्हाले माहीत होतं न, भाऊ."

मी विचारलं, काय माहीत होतं.

"टेरिकॉट होतं ते. उन्हात चमके. सुती कधी चमकते का? सगळ्याइले माहीत होतं."

"मग बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलाव? तिचे कान पिकले होते. अन् तिचा एक केस कधी खाली नाई पडला." ती भाकरीकडे बघत होती. मग तिचा आवाज चढला. "पण तुम्ही माणिकभाऊ, तुम्ही बावीस वर्सं गाठी बांधून राह्यले, तुम्हाले अक्कल नाई? पेटीत टाकाले ते काय चितेवरचं चंदन आहे? आमच्या पोटावर काऊन टाकलं?"

मी म्हणालो, तिला बघायचं होतं. कोकिळेने विचारलं, काय. मी म्हणालो, कापूस कुठे जातो ते. ती पदराने तोंड पुसून म्हणाली की चला शेठकडे, मी येते संगं.

राजकुमारशेठ चिडले, पण मला वाटलं होतं तेवढे नाहीत. ते म्हणाले, माणिकराव, एक फडका, शंभर गाठी. गिरणीत आता कॅमेऱ्याची मशीनं आहेत, ती असं काही दिसलं की हवेने उडवून टाकतात, जाऊ द्या. कोकिळा म्हणाली की मशीनं असती तर ते आपल्या हाताच्या मागे कशाला आले असते? मग शेठ म्हणाले, ती गाठ बाजूला काढून साध्या मालात विकून टाकू. पण कागद शंभर गाठींचा होता आणि त्या ठरलेल्या गावांचा कापूस संपला होता. दुसरी गाठ आणायची कुठून?

शेवटी त्यांनी असं ठरवलं की सोमवारी नव्व्याण्णव गाठी जातील आणि एक मागून पाठवतो म्हणून गिरणीला कळवायचं. मागून म्हणजे आठ दिवसांत, आणि तेही गिरणीने उशीर चालेल म्हटलं तर. शंभर पूर्ण झाल्याशिवाय गिरणीवाले माल तपासायला घेणार नव्हते. तीच त्रेसष्ट नंबरची गाठ उघडून बायांनी स्वतःच्या वेळात निवडायची आणि मी स्वतःच्या वेळात पुन्हा दाबायची. मला कामावरून काढायचं का, ते शेठ बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

रविवारी जिनिंग बंद असतं. सकाळी नऊला मी गेलो तर चौदापैकी अकरा जणी आल्या होत्या. समताही आली. आम्ही गाठ ओट्यावर ओढून आणली. मी पट्ट्या तोडल्या. एकेक पट्टी तुटताना गाठ वाढत होती, आणि शेवटची तुटल्यावर तिने मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला. बाया मागे सरकल्या. रुई थराथरांनी सुटते, गादीसारखे थर निघतात. आम्ही एकेक थर उचलून उन्हात मांडत गेलो.

फडका मधल्या थरात निघाला. कागदासारखा सपाट झाला होता. तेलाचा वास गेला होता, सरकीचा वास येत होता. समताने हात पुढे केला, पण कोकिळेने तो आधी आपल्या मांडीवर पसरला आणि चारी कडा बोटाने चाचपल्या. दोन बाजूंची शिवण धड होती. दोन बाजूंची पेटीतल्या दाबात उसवून फाटली होती. तिथले दोरे गाठीत कुठेतरी होते.

शेठ तोपर्यंत येऊन उभे होते. म्हणाले, निघाला ना, झालं, दोन-चार दोऱ्यांनी काही होत नाही. अकरा जणींतली कोणी उठली नाही. ती पोर, जिला जनकाने ओट्याखाली बसवलं होतं, निशिगंधा तिचं नाव, ती म्हणाली, "जनकाबाईनं पास केलं असतं का हे?" शेठ ऑफिसात गेले.

पांढऱ्या रुईत पांढरा दोरा दिसत नाही. हाताला लागला तर लागतो, नाहीतर नाही. कोकिळेने मूठभर रुई घेतली, अगदी विरळ ओढली आणि उन्हासमोर धरली. सुती तंतू सगळे मंद दिसत होते. त्यांत एकच बारीक रेघ चमकली. तिने ती चिमटीत धरून काढली. मग सगळ्याजणी तसं करू लागल्या. अकरा बाया आणि माझी मुलगी, हात वर करून, रुईच्या पातळ पडद्यातून सूर्याकडे बघत होत्या. मीही एक मूठ घेतली. त्या पडद्यातून मला ओटा, लिंब, फाटक, पलीकडचा जालन्याचा रस्ता, सगळं अंधुक पांढरं दिसत होतं. जनका त्या बाजूला असावी असं वाटलं. पण या वेळी ती कुठे जायला निघालेली नव्हती. तिथेच होती, ओट्यावर, कामात.

फडका मी मागितला. कोकिळा म्हणाली, आताच नाही देत, प्रत्येक दोरा याला लावून बघावा लागेल, किती निघाले आणि किती राहिले ते यावरूनच कळेल. समताला ते पटलं.

ऊन तिरपं झालं की दोरा चमकत नाही. त्यामुळे हे काम सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढंच होतं. सोमवारी ट्रक नव्व्याण्णव गाठी घेऊन गेला. गिरणीकडून अजून काही कळलेलं नाही. आता बाया रोज जेवणाची सुट्टी त्या गाठीला देतात. काल ढग होते, काल काही झालं नाही.

आज बुधवार आहे. सापडलेल्या दोऱ्यांनी फडक्याच्या एका बाजूची शिवण भरून आली आहे, दुसरीची अर्धी. पाच थर बघायचे राहिले आहेत, आणि गाठ पुन्हा दाबायची राहिली आहे.